बस कधी येणार, तिकीट किती, हद्द कुठे: बेळगाव सीमाभागातल्या बदलत्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उचगावची. वीस वर्षं झाली, रोज सकाळी वेंगुर्ला रस्त्यावरच्या फाट्यावर उभी राहते आणि सुळगा, हिंडलगा करत बेळगाव गाठते. इतकी वर्षं या रस्त्यावर बदलायचं ते फक्त खड्ड्यांची जागा. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र बरंच काही झालं. कंडक्टरकडे क्यूआर कोड आला, हिरव्या पाटीच्या रिक्षा धावू लागल्या, बेळगाव स्टेशनात वंदे भारत उभी राहू लागली. त्यातच एकाच रस्त्यावर दोन राज्यांचे दोन कायदे. गावातल्या बायका, कॉलेजची मुलं, रिक्षावाले भाऊ मला तेच तेच विचारतात, म्हणून ते सगळं इथे लिहून ठेवलं आहे.

कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना फुकट आहे ना? मग कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये निपाणीपर्यंतचं तिकीट का मागतात?

शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. ती साध्या आणि वेगदूत, म्हणजे एक्सप्रेस, बसला आहे. एसी, स्लीपर, आरामबस यांना नाही. आणि आंतरराज्य फेरीलाही नाही. त्यामुळे तुम्ही निपाणीतच उतरणार असलात, तरी बसच्या पाटीवर कोल्हापूर असेल तर ती आंतरराज्य बस धरली जाते. रस्ता तोच, पण तिकीट लागतं. सोपा उपाय म्हणजे सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, निपाणीचीच बस धरणं. अर्धा तास जास्त थांबावं लागतं, पण पैसे वाचतात.

आणखी एक. फुकट असलं तरी शून्य तिकीट घ्यायचंच. त्या तिकिटांवरून सरकार महामंडळाला पैसे देतं. "राहू दे, उतरायचंच आहे" म्हणून तिकीट घेतलं नाही, तर त्या फेरीत तुम्ही बसलाच नव्हता असा हिशोब होतो. मग फेरीला प्रवासी नाहीत म्हणून ती बंद झाली, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

माझं सासर कर्नाटकात, पण आधारवर माहेरचा, चंदगडचा पत्ता आहे. शून्य तिकीट मिळेल का?

नाही. कंडक्टर कर्नाटकचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र बघतो. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार हद्द बघून होत नाहीत, त्यामुळे चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या कितीतरी लेकी या बाजूला नांदतात आणि त्यांचं आधार माहेरीच राहिलेलं असतं. माझी धाकटी जाऊ लग्नानंतर दीड वर्ष पूर्ण तिकीट काढत होती. पत्ता बदलून घ्या. आधारच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतो, फक्त या पत्त्याचा एक पुरावा लागतो.

महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट आहे. ते बेळगावपर्यंत का चालत नाही?

एसटीची महिलांसाठीची पन्नास टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून जो मोफत प्रवास मिळतो, तोही हद्दीपर्यंतच. चंदगडहून बेळगावला येणाऱ्या एसटीत शिनोळीपर्यंत सवलतीचा दर आणि तिथून पुढे पूर्ण दर लागतो. कोल्हापूरहून येताना हा बदल कागल सोडून कोगनोळीकडे येताना होतो.

हे मशीनमध्ये नीट बसवलेलं आहे, पण माणसाला ते आधी कळत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या पुढच्या सीटवर एक आजी होत्या. दवाखान्यात निघालेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत एक्स-रेचा मोठा लिफाफा. त्यांनी लुगड्याच्या गाठीतून मोजून पैसे काढले. चंदगडातल्या कुणीतरी "तुला फुकट आहे, फक्त परतीचे रिक्षाचे ठेव" असं सांगून पाठवलं होतं. कंडक्टरने शिनोळीपासूनचं तिकीट सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ नुसत्या तिकिटाकडे बघत बसल्या. कंडक्टरची काहीच चूक नव्हती. पण तिकीट छापणाऱ्या मशीनला हद्द कुठे आहे ते ठाऊक आहे, तर स्टँडवरच्या फलकावर "सवलत शिनोळीपर्यंत, पुढे इतके रुपये" एवढी एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

दरांचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये दोन्हीकडचे वाढले. कर्नाटकने १५ टक्के वाढवले आणि तीन आठवड्यांत महाराष्ट्राने जवळजवळ तेवढेच. जुन्या आकड्यांवर हिशोब करून घरातून निघू नका.

बस कुठे आली हे फोनवर का दिसत नाही? पुण्या-मुंबईत दिसतं म्हणतात.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

यासाठी लागणारं यंत्र नवीन नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण बसवण्याचा केंद्राचा नियम आहे. हे यंत्र उपग्रहावरून आपली जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डवरून थोड्या थोड्या वेळाने नियंत्रण कक्षाला कळवतं. म्हणजे बस कुठे आहे हे कुणालातरी कळत असतं. ते फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला कळावं, यासाठी आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, महामंडळाने ती माहिती सगळ्यांना खुली करणं. दोन, प्रत्येक फेरीचं वेळापत्रक आणि प्रत्येक थांब्याची नेमकी जागा संगणकाला समजेल अशी लिहून देणं. तेवढं झालं की गूगल मॅपसारखी ॲप ती माहिती उचलून दाखवतात. शहरातल्या फेऱ्यांसाठी हे काम जरा सोपं. खेड्याच्या फेरीत थांबा म्हणजे कुठे चिंचेचं झाड, कुठे दूध डेअरी. तो नकाशावर कुणीतरी फिरून टिपायला हवा.

तोवर आम्ही काय करतो ते सांगते, तुमच्या गावातही करून बघा. आमच्या फाट्यावरच्या मुलींनी व्हॉट्सॲपवर एक गट केला आहे. जी आधीच्या थांब्यावर चढते ती एकच शब्द टाकते, "सुटली". कुठून सुटली हेही लिहावं लागत नाही, कारण कोण कुठे चढते हे सगळ्यांना पाठ आहे. तो शब्द आला की मी चहाचा कप ठेवते आणि चप्पल घालते. पावसात उघड्यावर उभं राहण्याची वीस मिनिटं तरी वाचतात. नव्या तंत्राची माझी परीक्षा एवढीच आहे, की त्याने फाट्यावरचं थांबणं किती कमी झालं.

बसची पाटी कन्नडमध्ये असते. आईला वाचता येत नाही. काय करावं?

फोन असेल तर गूगल लेन्स उघडून पाटीवर धरा, कन्नड अक्षरांचा मराठी अर्थ दिसतो. उभ्या बसवर चालतं. धावत येणाऱ्या बसवर आणि संध्याकाळच्या अंधारात नाही.

नोकरीला लागले तेव्हा मी आमच्या रस्त्यावरच्या दहा-बारा गावांची कन्नड अक्षरं पाठ करून टाकली होती. आठवड्याचं काम होतं, त्याचा आयुष्यभर उपयोग झाला. मुलांना शाळेत कन्नड येतंच, प्रश्न साठीच्या पुढच्या बायकांचा आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना मराठीही वाचता येत नाही. म्हणून मला वाटतं, पाटीपेक्षा आवाज जास्त उपयोगी. मेट्रोत होते तशी पुढच्या थांब्याची घोषणा बसमध्ये सुरू झाली, तर भाषेचा निम्मा तंटा मिटेल. हिंडलगा कन्नडमध्येही हिंडलगाच, सुळगाही सुळगाच.

दुसरं, आता नव्या बसना रंगवलेल्या पाटीऐवजी दिव्यांचा फलक असतो. त्यावर कन्नड नाव दिसून गेलं की चार सेकंद मराठी दाखवायला वेगळा खर्च येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर १९५० आणि ६० च्या दशकातच ठरलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण मराठी माणसं किती आहोत हे वेगळं सांगायला नको. ही मागणी कन्नडच्या विरोधात नाही. कन्नड नाव आधी असू दे, मोठं असू दे.

बसमध्ये फोनवरून पैसे देता येतात का?

येतात. वायव्य कर्नाटक महामंडळाच्या कंडक्टरकडे क्यूआर कोड असतो. सुट्ट्या पैशांची कटकट त्याने खरंच संपली. फक्त शनिवारच्या बाजाराला निघालेल्या भरलेल्या बसमध्ये रेंज गेली की पैसे अडकतात, तेव्हा एक पन्नासची नोट जवळ असू द्या.

इलेक्ट्रिक रिक्षा घेतली तर परवडेल का?

हिशोब मी शेजारच्या रिक्षावाल्या भावाबरोबर ओट्यावर बसून केला, तोच देते. साधारण १०० किलोमीटरला ८ युनिट वीज धरा. युनिटला ८ रुपये धरले तर ६४ रुपये झाले. पेट्रोलची रिक्षा लिटरला पंचवीस-तीस किलोमीटर जाते. तेवढ्याच अंतराला साडेतीन-चार लिटर, म्हणजे साडेतीनशे-चारशेच्या घरात. गॅसची रिक्षा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. क्लच नाही, गिअर नाही, ऑइल बदलणं नाही, म्हणून गॅरेजचा खर्चही कमी.

पण हे फक्त धावण्याचं गणित. खरा पैसा बॅटरीत असतो. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा तिचा, आणि ती कधीतरी बदलावी लागणारच. म्हणून गाडी घेताना तीन गोष्टी विचारा. बॅटरी लिथियमची आहे की शिशाची? शिशाची स्वस्त पडते, पण लवकर दम तोडते. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? आणि बिघडली तर दुरुस्ती बेळगावात होते की गाडी हुबळीला न्यावी लागते? आमच्या या भावाने तिसरा प्रश्न विचारला नव्हता. एका लहान सुट्या भागासाठी रिक्षा अकरा दिवस अंगणात उभी होती. हप्ता मात्र उभा राहत नाही.

घरी चार्ज करणार असाल तर १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवंच. खेड्यातल्या जुन्या वायरिंगवर रात्रभर चार्जिंग लावू नका. आधी वायरमन बोलवा, लागला तर हेस्कॉमकडून, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडून, भार वाढवून घ्या.

प्रवाशांना काय मिळालं? आवाज आणि धूर गेला, हे लहान नव्हे. भाडं मात्र आमच्या रस्त्यावर उतरलेलं नाही.

ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक ऑटो एकच का?

नाही. ई-रिक्षा म्हणजे चार प्रवाशांची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी हलकी गाडी. इलेक्ट्रिक ऑटो आपल्या नेहमीच्या रिक्षासारखी, जास्त वेगाची आणि जास्त ताकदीची. ई-रिक्षा टिळकवाडी, शहापूरच्या गल्ल्यांत ठीक आहे. तिने वेंगुर्ला रस्त्यावर किंवा हायवेला येऊ नये. मागून उसाचा ट्रक येत असताना पंचवीसच्या वेगाने जाणं धोक्याचं आहे.

शिनोळीची रिक्षा बेळगावात प्रवासी आणू शकते का?

पेट्रोल-गॅसच्या रिक्षाला परवाना तिच्या भागापुरता असतो, त्यामुळे एमएच ०९ ची रिक्षा केए २२ च्या हद्दीत धंदा करू शकत नाही. बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्यातून सूट दिली. पण नोंदणी, फिटनेस, विमा, लायसन्स यांतून सूट नाही, आणि दुसऱ्या राज्यात नेहमी धंदा करायचा तर कराचा प्रश्न उभा राहतोच. आधी आरटीओत लेखी विचारून घ्या. दंड भरल्यानंतर विचारलं, तर उत्तर तेच येतं, फक्त महाग पडतं.

वडापचं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपचंही हेच. ती पूर्वीपासून हद्दीपर्यंत येते, तिथून पुढची दुसरी. अजून पुष्कळ गावांचा प्रवास वडापवरच चालतो.

बाइक टॅक्सी कायदेशीर आहे का?

दोन्हीकडे वेगळी गोष्ट. कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीची योजना आणली आणि मार्च २०२४ मध्ये मागे घेतली. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने, नियम होईपर्यंत बाइक टॅक्सी बंद ठेवा असं सांगितलं आणि जून २०२५ च्या मध्यावर सेवा थांबल्या. प्रकरण पुढे खंडपीठाकडे गेलं. त्याच एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मात्र इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला मान्यता दिली.

मुलींना माझं सांगणं एकच: पांढऱ्या पाटीच्या खाजगी दुचाकीवर पैसे देऊन बसू नका. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येते.

बेळगावात इलेक्ट्रिक बस आल्या तर काय बदलेल?

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली. तीन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी १०,००० बस असं त्याचं स्वरूप. बेळगाव शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच चार लाख ऐंशी हजारांच्या पुढे होती, म्हणजे लोकसंख्येच्या अटीत आपण बसतो.

अशा बस महामंडळ सहसा विकत घेत नाही. ठेकेदार कंपनी बस आणते आणि चालवते, आणि तिला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. याची चांगली बाजू अशी की बस रिकामी असली तरी फेरी होते. धोका असा की पैसे थकले तर कंपनी फेऱ्या आवरते. म्हणून करारात कोणत्या थांब्यापर्यंत, किती वाजेपर्यंत बस धावणार हे आपल्या नगरसेवकांनी आधीच बघायला हवं. उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटते तेव्हा बस असेल का, हा प्रश्न बसच्या रंगापेक्षा मोठा आहे.

चढ-उताराच्या रस्त्याला इलेक्ट्रिक बस चांगली. उतारावर ब्रेक लावताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते.

हुबळीसारखी चिगरी बस आपल्याकडे का नाही?

चिगरी म्हणजे हरीण. हुबळी-धारवाडच्या मधल्या सुमारे २२ किलोमीटरच्या रस्त्यावर या बसना वेगळी मार्गिका आहे, आणि फलाट बसच्या पायरीला समतल. ऑक्टोबर २०१८ पासून त्या धावू लागल्या. म्हातारी माणसं, गरोदर बायका एक पायरीही न चढता आत जातात. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला माझ्या गुडघेदुखीच्या आईची आठवण आली.

पण त्याला दोन शहरांना जोडणारा एक सरळ, रुंद रस्ता लागतो. खडेबाजार, गणपत गल्लीत मार्गिका कुठे काढणार? तिथून घ्यायचं ते समतल फलाट. सीबीटी, चन्नम्मा चौक, आरपीडी क्रॉस एवढ्या थांब्यांवर जरी झाले तरी खूप.

मेट्रो येणार का?

नाही. मेट्रोचं धोरण वीस लाखांच्या पुढच्या शहरांसाठी आहे. त्या चर्चेत वेळ घालवू नका.

वंदे भारतचा आपल्याला काय उपयोग?

पुणे-हुबळी वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, ती मिरज, सांगली, साताऱ्याला थांबते. बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. पहाटे बेळगाव सोडते आणि दुपारी बेंगळुरूत पोचवते. सचिवालयात किंवा मोठ्या दवाखान्यात काम असणाऱ्यांची एका रात्रीची बस टळली.

गाडी ताशी १६० ची असली तरी लोंढ्याकडच्या वळणांवर रुळ जेवढं म्हणतील तेवढ्याच वेगाने जाते. धारवाड ते बेळगाव कित्तूरमार्गे थेट मार्ग मंजूर आहे, तो झाला की लोंढ्याचा वळसा वाचेल. खानापूर, लोंढ्याच्या रोजच्या माणसाला मात्र साध्या डब्याची गाडी वेळेवर येणं जास्त महत्त्वाचं. तिचं तिकीट जुलै २०२५ पासून रेलवन ॲपवरही निघतं, खिडकीची रांग टळते.

कोल्हापुरात घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर बेळगावात चालवली तर?

बारा महिन्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त काळ इथे ठेवणार असाल तर कोल्हापूरच्या आरटीओकडून ना हरकत घेऊन केए नंबर करून घ्यावा लागतो. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या छोट्या स्कूटरला नोंदणी नको, लायसन्स नको. पण दुकानदाराने "वेग वाढवून देतो" म्हटलं तर नको म्हणा. वेग वाढवला की ती सूट गेली आणि विमाही गेला.

पाऊस लागला तर घाबरू नका, बॅटऱ्या पाणी सोसतील अशा बंद केलेल्या असतात. बळ्ळारी नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर मात्र त्यात घालू नका. घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर निथळू द्या.

कोगनोळीच्या टोलवर वार्षिक पास चालतो का?

चालतो. खाजगी कारसाठीचा हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झाला. तो वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. महिन्यातून चार वेळा कोल्हापूरला जाणाऱ्यांनी हिशोब करून बघावा.

सीमाप्रश्न तापला की बस बंद होतात. तेव्हा काय करायचं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांच्या हद्दीपलीकडच्या फेऱ्या काही दिवस थांबल्या होत्या. अशा वेळी ॲप, क्यूआर कोड काहीच कामाला येत नाही. निघण्यापूर्वी सीबीटीवर चौकशी करा. हद्दीच्या अलीकडच्या फेऱ्या बहुतेक चालू असतात. पुण्याच्या रस्त्याला कोगनोळीपर्यंत जाऊन पलीकडे दुसरी गाडी धरता येते, आमच्या रस्त्याला बाचीपर्यंत. दवाखान्याचा पेशंट असेल तर बसवर विसंबू नका, आधीच गाडी सांगून ठेवा.

त्या दिवसांत माझ्या आत्याची रक्तदाबाची गोळी संपली होती. ती शिनोळीच्या पलीकडे राहते. मी बाचीला उतरले आणि औषधाची पिशवी घेऊन चालत निघाले. आतेभाऊ पलीकडून चालत आला. वाटेत भेटलो, पिशवी दिली, आत्या कशी आहे विचारलं आणि दोघं आपापल्या बाजूला परत फिरलो.